वेगळा पेला

बेळ्ळंदूरला राहायला आल्यापासून चहा जमेना, आणि खापर मी टँकरच्या जड पाण्यावर फोडत होते. मग चांगल्या चहाचे नियम शोधले. चहाची चव पारखणाऱ्यांसाठी १९८० साली आंतरराष्ट्रीय मानकच निघालं आहे: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, ६ मिनिटं मुरवायची. पण चहा उत्तम व्हावा, हा त्या मानकाचा हेतूच नाही. तुलना न्याय्य व्हावी म्हणून माप सारखं आणि भांडीही सारखी, एवढंच ते सांगतं.

घरी कामाला येणाऱ्या ताई कलबुर्गीकडच्या. माझं मोडकं कन्नड त्या सांभाळून घेतात. ‘चहा’ हा शब्द मात्र दोघींचा एकच; त्याला भाषांतर लागत नाही. रोज मी त्यांना आमच्याच टोपातला चहा देते. एकदा गडबडीत तो आमच्या कपात ओतून पुढे ठेवला. त्यांनी ओट्याखालचा स्टीलचा पेला काढला, चहा त्यात ओतून घेतला आणि कप आधी विसळून ठेवला. पेला वेगळा ठेवा, असं मी कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नव्हतं.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे चहा आला. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली, ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. चहा कडक होता की पाणचट, हा वादाचा मुद्दाच नव्हता. मुद्दा एकच: कुणाच्या हातचा? हे वाचताना मी हसले होते. माझ्या घरात प्रश्न फक्त उलटला होता: कुणाच्या हातात? आणि प्रायश्चित्त कुणी मागत नव्हतं.

त्यांना पेलाच सोयीचा वाटत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग तो मांडणीत का नाही, ओट्याखाली का, याचं उत्तर सापडेना. चहाची चव जिभेला कळते हे खरं; पण एकाच टोपातला चहा पिताना ज्यात एकीला ओट्याखाली हात घालावा लागतो, तो मी आता चांगला म्हणू शकत नाही.

पेला घासून मांडणीत ठेवला. दुसऱ्या दिवशी माझा चहा त्यातच घेतला. ताई घाईने म्हणाल्या, “अक्का, तो माझा!”

भाषांतर हा माझा धंदा. तरी काय उत्तर द्यावं, ते मला सुचलं नाही.