पातेले कोणी ठेवले?

काचबिंदूने माझ्या आईची दृष्टी नेली, त्याला या दिवाळीत सहा वर्षे होतील. मोतीबिंदू काढला की माणसाला बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूने नेलेले मात्र परत येत नाही. तो चोरपावलांनी येतो. आधी कडेचे जग नाहीसे करतो, मग समोरचे. आईचे जग असेच आक्रसत गेले आणि एके दिवशी मिटले. तरी तिने स्वयंपाकघर सोडले नव्हते. ते मी तिला सोडायला लावले.

त्याचे असे झाले. शाळेच्या घाईत मी दुधाचे पातेले गॅसवरून उतरवले आणि आईचे पोळपाट जेथे असते नेमके तेथे ठेवून दिले. थोड्या वेळाने आई पोळ्या करायला आली. तिने पोळपाटासाठी हात पुढे केला, आणि तळहात पोळला. औषध लावता लावता मी निकाल दिला, "आई, आता पुरे झालं. उद्यापासून तू स्वयंपाकघरात यायचं नाही."

निकाल देणारा कोण, तर ज्याने उभ्या जन्मात एक पोळी धड लाटली नाही असा शाळामास्तर!

पुढे आम्ही आईला काही कमी पडू दिले नाही. चहा हातात, ताट पुढ्यात, पाणी उशाशी. पहिल्या आठवड्यात ती विचारी, "आज भाजी कसली?" मग विचारीनाशी झाली. तिचे जेवण घटले. वय झाले, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

दिवाळीच्या चार दिवस आधी पत्नी चकल्या तळत होती. आई माजघरात बसली होती. तेथूनच ती म्हणाली, "तेल नीट तापलं नाही गं. चकली बोलत नाहीये. तेल पिऊन बसेल."

पत्नीने झारा बाजूला ठेवला. "आई, तुम्हीच या बघू."

मी वर्तमानपत्र टाकून आडवा आलो. तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "बाळ, माझा हात भाजला तो तू ठेवलेल्या पातेल्यानं. मग शिक्षा मला का रे?"

मुलांच्या चुका शोधून त्यांखाली तांबडी रेघ ओढण्यात माझी वीस वर्षे गेली. पण आईच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी बाजूला झालो.

त्या दिवशी मी प्रथमच तिचे काम नीट पाहिले. तिने आधी पदर कमरेला घट्ट खोचला. कढईत तेल पळीने मोजून घातले, अर्ध्याच्या वर नाही. कढई आधी शेगडीवर नीट बसवली, मग पत्नीने गॅस पेटवला. वीतभर उंचीवर तळहात धरून तिने आच अजमावली, पिठाची एक गोळी सोडून कान दिला, आणि मग झाऱ्यावरून एकेक चकली कढईच्या कडेने आत सरकवली. पिठातले पाणी वाफ होऊन निघू लागले की तेल खळखळते. पाणी संपत आले की आवाज मंदावतो. तो मंदावला की चकली झाली. आम्ही रंग पाहून जे ओळखतो, ते ती ऐकून ओळखत होती. चार सोडल्या, चार मोजून काढल्या.

आमच्या ओझरला 1964 सालापासून विमानांचा कारखाना आहे. ढगांत शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नाही. तो पुढ्यातल्या यंत्रांच्या काट्यांवर भरवसा ठेवून विमान नेतो. त्याला आपण कुशल म्हणतो, आणि कढईच्या आवाजावर भरवसा ठेवणाऱ्या बाईला बिचारी म्हणतो!

लुई ब्रेलची गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगतो. बापाच्या चामडीकामाच्या दुकानात खेळताना तीन वर्षांच्या या पोराच्या डोळ्यात आरी घुसली, आणि पुढे दोन्ही डोळे गेले. हाच मुलगा पंधराव्या वर्षी एक टोकदार हत्यार हाती घेऊन कागदावर ठिपके उठवू लागला. त्यातून त्याची लिपी झाली; ती त्याने 1829 साली प्रसिद्ध केली. टोकदार वस्तू म्हणजे नकोच, असे कोणी मायेने ठरवले असते तर?

मुंबईत ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली ती 1900 साली. 1952 साली तेथेच नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. आमच्या नाशकातही तिचे काम चालते. अमेरिकेत 2012 साली मास्टरशेफ ही पाककलेची स्पर्धा क्रिस्टीन हा या दृष्टी गेलेल्या स्त्रीने जिंकली. हे सारे मला ठाऊक होते. शाळेत सांगितलेलेही होते. घरी मात्र त्यातले काही आठवले नाही.

विस्तव कोणाचीच गय करीत नाही, हे मी नाकारीत नाही. नुसत्या हिमतीने स्वयंपाक होत नाही. त्याला शिस्त लागते. पण ती शिस्त आईकडे होती. नव्हती ती आमच्याकडे. म्हणून आता नियम आम्हांला आहेत. उचललेली वस्तू जागच्या जागी ठेवायची. गरम भांडे डाव्या कोपऱ्यातल्या फरशीवरच ठेवायचे, आणि ठेवताना मोठ्याने सांगायचे. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची अदलाबदल करायची नाही. कपाटाचे दार उघडे टाकायचे नाही. घरात कोणी नसताना तळण काढायचे नाही, हा नियम आईने आपला आपण घातला आहे. तो तिचा आहे, म्हणून त्यात कमीपणा नाही.

आपल्या माणसाला जपावे, यात चूक काय? असे मी बरेच दिवस स्वतःला विचारीत होतो. आता वाटते, जपताना मी माझी भीती तिच्या अंगावर घातली होती. भाजण्याचे दुःख चार दिवसांत गेले असते. पण ज्या हातांनी पन्नास वर्षे घराला वाढले, त्यांनी यापुढे फक्त घ्यावे, हे दुःख मी तिला कायमचे देत होतो. ज्याला दुसऱ्यासाठी काही करता येत नाही, तो आपल्याच घरात पाहुणा होतो. आणि पाहुण्याला कोणी विचारून काही ठरवीत नाही.

यंदाही भाजणी दळून आली आहे. काल मी चहा करून पातेले ओट्यावर ठेवले, तोच आतून आवाज आला, "पातेलं कुठं ठेवलंस रे?"

मी ते उचलले, कोपऱ्यातल्या फरशीवर ठेवले, आणि वर्गातल्या पोरासारखे मोठ्याने सांगितले, "जागेवर, आई!"