यमाचा दिवा

ऐन दिवाळीत पिशाचाची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. गेल्या धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावला, जेवणे आटोपली आणि नातवाच्या आग्रहाखातर मी एक जुना इंग्रजी चित्रपट पाहावयास बसलो. टोनी स्कॉट यांचा १९८३ सालचा ‘द हंगर’.

चित्रपट संथ आहे. त्यातले भय अंगावर उडी घेत नाही. भिंतीला ओल चढावी तसे हळूहळू चढत जाते. न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत घरात मिरियम आणि जॉन हे जोडपे राहते. मिरियम शतकानुशतके जगत आली आहे, माणसांच्या रक्तावर! जॉनलाही तिने आपले रक्त पाजून चिरंतन सहवासाचे वचन दिले आहे. दोनेकशे वर्षे सुखात जातात. मग एकाएकी जॉनची झोप उडते, केस गळू लागतात. वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे तो धाव घेतो. त्या त्याला वेडा समजून बाहेर बसवून ठेवतात. आणि तिथे ताटकळता ताटकळताच, काही तासांत, तो जख्ख म्हातारा होतो.

वचन आयुष्याचे होते, तारुण्याचे नव्हते. “मला मारून टाक,” अशी तो मिरियमची विनवणी करतो. पण मरणाची सुटका त्याच्या नशिबी उरलेलीच नाही. ती त्याला उचलून माळ्यावर नेते आणि शवपेटीत निजवते. तिथे तिच्या आधीच्या प्रियकरांच्या पेट्या ठेवलेल्या आहेत. आणि त्यांतले कोणीही पुरते मेलेले नाही.

मला अश्वत्थामा आठवला. झोपलेल्या पोरांचे प्राण घेणाऱ्याला आपल्या पूर्वजांनी मरणाची शिक्षा दिली नाही. न मरण्याची दिली. भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो अजून दारोदार हिंडतो, म्हणतात.

पण मिरियमला दुष्ट म्हणून मोकळे होणे मला जमेना. तिचे जॉनवर प्रेम होते. तिला त्याला सोडवत नव्हते, एवढेच. आणि ते कोणाला सोडवते? माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात ती क्षीण आवाजात म्हणे, “आता पुरे रे बाबा.” आम्ही भावंडांनी ऐकले नाही. ‘आणखी चार दिवस’ म्हणत तिला नळ्यांना जखडून ठेवले. ते चार दिवस तिच्यासाठी होते की आमच्यासाठी? प्रेम कुठे संपते आणि आपली भूक कुठे सुरू होते, हे त्या वेळी कळले नाही.

चित्रपट संपला तेव्हा बाहेरचा दिवा अजून तेवत होता. तो लावताना आपण यमाला ‘येऊच नकोस’ असे म्हणत नाही. अपमृत्यू टळो, तो अवेळी न येवो, एवढेच मागतो. वेळेवर येणाऱ्याला आपल्या दारी मज्जाव नाही. किती शहाणे मागणे!

यंदा तो दिवा लावताना मी आईची क्षमाही मागणार आहे.