नाश पावला तो दोषी होता काय?

एखादे घराणे बुडाले किंवा एखादे गाव ओस पडले, म्हणजे "त्यांचे काहीतरी चुकलेच असेल" असा निर्णय आपण फार लवकर देतो. हा निर्णय न्यायाचा आहे काय, हे एका नष्ट झालेल्या प्राण्यावरून पाहू.

गुजराथेतील कच्छ जिल्ह्यात लोडाई गावाजवळच्या खडकात इक्थिओसॉर नामक प्राण्याचा सांगाडा सापडला. त्याचे वर्णन २०१७ साली प्रसिद्ध झाले. लांबी सुमारे साडेपाच मीटर, वय सुमारे १५ कोटी वर्षे. हा मासा नव्हे. सरडा, सुसर यांच्याप्रमाणे सरपटणाऱ्यांपैकी होय. त्याचे पूर्वज जमिनीवर चालत. पुढे पिढ्यानपिढ्या पायांची वल्ही झाली, शेपटी माशासारखी झाली, डोळे मोठे झाले. सुसरीस अंडी घालण्यासाठी काठावर यावे लागते. याची पिल्ले पाण्यातच जिवंत जन्मत. पोटात पिल्ले असलेल्या माद्यांचे सांगाडे जर्मनीत मिळाले आहेत. जमिनीची एक खूण मात्र राहिली: कल्ले कधी आले नाहीत, श्वासासाठी वर यावेच लागे.

ही जात १५ कोटी वर्षांहून अधिक काळ समुद्रात नांदली आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी संपली. (नांदेड-लातूरचा काळा खडक त्यानंतरचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, तेव्हा विहीर खणताना असा सांगाडा मिळण्याची आशा नको.) ती का संपली? पोहण्यात ती उणी नव्हती. तज्ज्ञ त्या काळी पालटलेल्या हवामानाकडे व समुद्राकडे बोट दाखवितात. पाण्यास इतका जुळलेला देह पुन्हा जमिनीवर चालणार कसा?

आता किल्लारीकडे पाहा. दगडमातीच्या जाड भिंती मराठवाड्याच्या उन्हात घर थंड ठेवीत. वाडवडिलांनी त्या समजूनउमजूनच बांधल्या होत्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे त्याच भिंती निजलेल्यांवर कोसळल्या आणि हजारो माणसे मेली. त्यांत तान्ही मुलेही होती. त्यांचे पाप कोणते, हे सांगण्यास कोण पुढे येईल?

कोणी म्हणेल, मग दोष कोणाचाच नाही काय? तसे नव्हे. भूकंपानंतर नवी गावे धक्का सोसतील अशा बांधणीने वसविली गेली. आज धोका ठाऊक असून जो खचलेली भिंत तशीच ठेवतो, त्यास जाब विचारणे योग्यच होय. पण त्या रात्री निजलेल्यांना हे ज्ञान कोठून असावे?