यादीत नसलेले व्यसन

डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत हुक्क्याच्या निखाऱ्यांतून लागल्याचे सांगितल्या गेलेल्या कमला मिलच्या आगीत 14 जणांचा जीव गेला आणि पुढच्याच वर्षी राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आली. भंडारा जिल्ह्याला त्या बंदीचे फारसे सोयरसुतक नव्हते. इथला ठिय्या पानठेल्यावर. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेलेवाला खर्रा घोटघोटून देतो. मग दिवसभर चिमूट चिमूट गालात जाते.

समजूत मात्र दोघांचीही सारखीच. हुक्केवाला म्हणतो, धूर पाण्यातून गाळून येतो. खर्रेवाला म्हणतो, यात सुपारीच जास्त. पाण्याने धूर नुसता थंड होतो, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड आत जातातच. आणि सुपारी? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच तिला कर्करोगकारक ठरवले आहे.

‘सोडायचे आहे, पण हे काही पाप नाही,’ हे तिसरे उत्तर. ते डॉक्टरला देऊन भागत नाही, धर्मालाच विचारावे लागते.

धर्म इथे गप्प का, हे उघड आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरांचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर 13व्या शतकातले. तेव्हा तंबाखू भारतात नव्हतीच. ती पोर्तुगीजांबरोबर आली आणि 17व्या शतकाच्या आरंभी विजापूरहून असद बेगने अकबराच्या दरबारात नेली. बौद्धांच्या पंचशीलातले पाचवे शील मद्यादी मादक पदार्थांबद्दल आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू आहे, तंबाखू नाही. नागपूर-भंडारा भागात बाबा जुमदेवांच्या ‘परमात्मा एक’ मार्गाने वाईट व्यसने सोडण्याचा नियमच घातला. त्यातही आधी आठवते ती दारू आणि जुगार. दारू सुटली की माणूस स्वतःला निर्व्यसनी म्हणवतो, आणि गालातला खर्रा कुणी मोजत नाही.

नाव घेऊन बंदी घातली तर? त्याचे उदाहरण शेजारी छत्तीसगडात आहे. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी सतनामींना दारू-मांसाबरोबर तंबाखूही वर्ज्य केली. काहींना ती सोडवेना. ते पानाची चोंगी ओढत राहिले आणि ‘चुंगिया सतनामी’ म्हणून वेगळे पडले. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात या फुटीची नोंद केली आहे. नियम मोडणारा देव सोडून गेला नव्हता, फक्त चोंगी सोडू शकला नव्हता. निकोटिनची तलफ ही निव्वळ मनाची खोट नव्हे, शरीराचीही ओढ असते. दोन-चारदा सोडून पुन्हा धरणारे बहुसंख्य. अशा माणसाला पंगतीतून उठवले तर तो ठेल्यावरच जाणार.

म्हणून दोन्ही हवे. विहारात, ‘परमात्मा एक’च्या सेवकांच्या बैठकीत, भजनी मंडळात खर्ऱ्याचे नाव स्पष्ट घ्यावे. ‘वाईट व्यसने’ एवढ्याने भागत नाही. आणि संकल्प मोडून आलेल्याला पुढच्या बैठकीत पुन्हा बसू द्यावे. प्रश्न लहान नाही: महाराष्ट्रात 2016-17 च्या सर्वेक्षणात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक धूरविरहित.

सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो. खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच छापलेले नसते.