जागतिक बँकेवर दावा कोणी लावायचा?

आंतरराष्ट्रीय विकास बँकांना राष्ट्रीय न्यायालयांपासून संरक्षण असावे, हा विचार मुळात चुकीचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जागतिक बँक उभी राहत असताना धास्ती अशी होती, की मुख्यालय ज्या देशात, तो देश आपल्या कोर्टांकरवी सगळ्यांच्या संस्थेवर हुकूम चालवील. म्हणून १९४५च्या अमेरिकी कायद्याने अशा संस्थांना परकीय सरकारांइतकेच संरक्षण दिले. तरीही संस्थापकांनी दार पूर्ण लावून घेतले नव्हते. सदस्य राष्ट्रे सोडून इतरांना, जिथे बँकेचे कार्यालय आहे किंवा जिथे तिने रोखे विकले आहेत तिथे, तिच्यावर दावा लावता येईल असे तिच्या घटनेतच आहे. कोर्टात खेचता न येणाऱ्या संस्थेचे रोखे कोण घेणार, हा त्यामागचा व्यवहार होता.

इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या घटनेतल्या अशाच तरतुदीचा वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९६७ मध्ये सरळ अर्थ लावला आणि दावा चालू शकतो असे म्हटले. पण १९८३ मध्ये, एका माजी महिला कर्मचाऱ्याने जागतिक बँकेवर लावलेल्या दाव्यात, त्याच न्यायालयाने तो अर्थ आक्रसला. संरक्षण सोडल्याने बँकेच्या कामाला जिथे फायदा होतो, तेवढ्यापुरतेच तिने ते सोडले आहे असे धरायचे! या साऱ्या प्रवासातले हे सर्वांत घातक वळण आहे. रोखे घेणाऱ्याचा विश्वास बँकेला हवा असतो, म्हणून त्याला कोर्ट. प्रकल्पाची झळ सोसणाऱ्याकडून तिला काहीच नको असते, म्हणून त्याला नाही. स्वातंत्र्यासाठी दिलेली सवलत अशी सोयीसाठी वापरली जाऊ लागली. १९७६च्या कायद्याने परकीय सरकारांनाही व्यापारी व्यवहारांबाबत अमेरिकी कोर्टात उत्तर देणे भाग पडले होते, पण त्याच अपील न्यायालयाच्या १९९८च्या निकालाने बँकांचे संरक्षण १९४५च्या मापावरच ठेवले.

हे माप मोडले ते कच्छच्या किनाऱ्यावरून आलेल्या दाव्याने. मुंद्र्याच्या सुमारे चार हजार मेगावॉटच्या कोळसा वीजप्रकल्पाला जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. प्रकल्पातून सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी गेली, भूजल खारावले, कोळशाची धूळ पसरली, असे मच्छीमारांचे आणि शेतकऱ्यांचे म्हणणे होते. २०१५ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये दावा लावला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी ठरवले, की सरकारांचे संरक्षण जितके आटले तितकेच या संस्थांचेही आटले. पण खटला खाली परतला आणि दाव्याचा गाभा अमेरिकेत नव्हे तर भारतात घडला, या कारणावरून फेटाळला गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकायला नकार दिला. गाभा भारतात घडला, हा तर्क मला पटत नाही. कर्ज देणाऱ्याचे सारे काम कचेरीतच होते. अटी तिथेच ठरतात, हप्ता सोडायचा की रोखायचा हेही तिथेच ठरते. नुकसान दूर झाले म्हणून निर्णय दूरचा होत नाही.

एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती ब्रेयर यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. खटल्यांच्या भीतीने गरीब देशांची कर्जे आटतील, असे त्यांना वाटत होते. पण खटला चालणे म्हणजे हरणे नव्हे. हानी आणि कारण दोन्ही सिद्ध करावी लागतात, आणि ज्या बँकेने आपल्याच पर्यावरणीय अटी पाळून घेतल्या तिला भिण्याचे कारण उरत नाही. दुसरा आक्षेप असा, की बँकांकडे अंतर्गत तक्रारयंत्रणा आहेत. त्या आहेत, आणि त्यांतली पहिली, १९९३चे तपासणी पॅनेल, उभी राहिली त्यामागे नर्मदेच्या खोऱ्यातला, आपल्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या बुडित गावांचाही, संघर्ष होता. त्या कमाईचे मोल कमी नाही. परंतु मुंद्र्यातही कॉर्पोरेशनच्याच लोकपाल कार्यालयाने २०१३ मध्ये तिच्या देखरेखीत उणिवा दाखवल्या होत्या, आणि तरी त्याला भरपाईचा हुकूम देता येत नव्हता. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९९ मध्ये एक कसोटी सांगितली होती: संस्थेला संरक्षण देताना, दाद मागणाऱ्यापुढे दुसरा वाजवी मार्ग आहे का हे पाहावे. केवळ अहवाल देणारी यंत्रणा या कसोटीला उतरत नाही. कर्जकरारातल्या पर्यावरणीय अटींवर बाधितांनाच थेट दाद मागता यावी, असे कलम करारात घालता येईल. त्यासाठी कोणत्याही देशाने आपला कायदा बदलण्याची गरज नाही. कॉर्पोरेशनचा १९५६ पासूनचा सदस्य असलेल्या भारताने ही मागणी तिच्या संचालक मंडळात मांडायला हवी.