कोथिंबिरीची कुंडी

साधकहो, फलाशेचा विचार आपण पुष्कळ ऐकतो. मला तो थोडासा उमगला तो घरच्या सज्जात प्रथमच भाजी पेरताना. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आली. धने मात्र स्वस्थ! पाचव्या दिवशी धीर सुटला. बोटाने माती उकरली. नुकताच फुटलेला पांढरा कोंभ नखाने तुटला.

धन्याला रुजण्यास ८-१० दिवस, थंडीत त्याहूनही अधिक लागतात. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्यापूर्वी तो हलकेच रगडून दुभंगावा. माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. अतिपाण्याने बी कुजते. एवढेच आपल्या अधिकारातले. पुढचे कार्य मातीच्या आत चालते, तेथे आपले बोट नको. गीतेच्या २ ऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक मी नित्य म्हणत असे, आणि त्याच तोंडाने कुंडीपुढे कुरकुरत असे! अरणच्या सावतोबांना मळा सोडून देव शोधावा लागला नाही. त्यांचे मळ्यातले कामच उपासना झाले होते.

धने पुन्हा पेरले आहेत. आज सहावा दिवस. सकाळी पाणी शिंपडले, हात धुतले आणि जपास बसलो.