केरसुणीचा धडा

मुलाला शाळेत घालावयाचे ते विद्येसाठी, केर काढण्यासाठी नव्हे, असे आपल्याकडील कोणताही सुशिक्षित पालक म्हणेल. जपानातील प्राथमिक शाळांत मात्र ठराविक वेळी मुलेच वर्ग व जिने झाडूनपुसून काढतात. पुष्कळ ठिकाणी शौचकूपही धुतात. दुपारी पांढरे अंगरखे घालून पाळीपाळीने सोबत्यांना जेवण वाढतात. डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा, दोघांच्याही हाती तेच फडके असते.

मग ही प्रथा आपणही का उचलू नये? वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे मध्यवर्ती स्थान देऊ केलेच होते. परंतु साताऱ्यास शिकणाऱ्या बाल भीमराव आंबेडकरांस शिपायाने नळ सोडल्याखेरीज शाळेत पाणी मिळत नसे, हेही याच देशात घडले आहे. अशा देशात केरसुणी कोणाच्या हाती दिली जाते, हा प्रश्न आधी उठतो. दलित मुलांकडूनच शौचकूप धुवून घेतल्याच्या तक्रारी आजही कानी येतात.

वस्तुतः कष्टाने कोणी हलका होत नाही. कष्टांच्या विषम वाटणीने होतो. सर्वांनी वाटून घेतलेले काम संस्कार ठरते. निवडक माथ्यांवर लादलेले तेच काम अपमान ठरते. म्हणून केरसुणी आपल्या शाळांत अवश्य यावी. मात्र ती प्रथम आम्हां सुशिक्षितांच्या मुलांच्या हाती यावी. हे आपणांस रुचेल काय?